मावशींच्या तोंडचं वाक्य

"हे कोण म्हणालं?" मावशींनी विचारलं, आणि वाचता वाचता ती थांबली.

सकाळचे अकरा वाजले असतील. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात ऊन खिडकीतून आत येऊन टेबलाच्या पायापर्यंत पोचलं होतं. ती वेताच्या खुर्चीत बसून आपल्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवत होती आणि मावशी पलंगाच्या कडेला, उजवा कान पुढे करून ऐकत होत्या. डावा कान नोकरीत गेला होता. पुढे बंद पडलेल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मावशींनी तेहतीस वर्षं काढली होती, बोर्डासमोर, कानावर हेडफोन लावून, लोकांचे ट्रंक कॉल जोडून देत. आता त्या एक्याऐंशीच्या होत्या. नात्यातल्या कुणी नव्हत्या. पण पहिल्या मुलाखतीला तिने 'मॅडम' म्हटल्यावर त्यांनी असं काही तोंड केलं होतं की दुसऱ्या वाक्याला त्यांची मावशी झाली.

"कोणतं, मावशी?"

"आत्ता वाचलंस ते. जोडता जोडता काय ते तुटलं म्हणून."

तिने ओळ शोधली. शोधावी लागलीच नाही, कारण त्याच ओळीवरून प्रकरणाला नाव दिलेलं होतं. "दुसऱ्यांची बोलणी जोडता जोडता आमचं स्वतःचं बोलणं मात्र कायमचं तुटलं."

"छान आहे," मावशी म्हणाल्या. "शिकलेलीच असणार कुणीतरी. कोण म्हणालं?"

"तुम्हीच, मावशी. एप्रिलमधल्या मुलाखतीत."

"मी?"

मावशींनी आपल्या हातांकडे पाहिलं, जणू ते वाक्य तिथे कुठेतरी सांडलेलं असावं. मग खिडकीकडे. कपाळावर एक आठी आली, ती रागाची नव्हती. शाळेत बाईंनी उभं करून विचारल्यावर मुलीच्या कपाळावर येते तशी होती. "म्हटलं असेन," त्या हळूच म्हणाल्या. "माझं आजकाल काही खरं नाही, बाई. परवा दूध गॅसवर ठेवून विसरले, पातेल्याचा कोळसा झाला. मुलगा तर म्हणतोच आहे." आणि मग, ती पुढे वाचू लागली तरी, मावशींचे ओठ हलत राहिले. त्या ते वाक्य पाठ करत होत्या. आपण बोललो आहोत तर निदान आता तरी लक्षात राहावं, म्हणून.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. पण बाहेर काय गेलं ते तिला दिसलं नाही. हलणारे ओठ तेवढे डोळ्यांपुढे होते. तिचं वय चव्वेचाळीस. धंद्याने ती लघुलेखिका, न्यायालयातली. दोन वर्षांची अभ्यासरजा घेऊन संशोधन करणारी. तिच्याबरोबरच्या विद्यार्थ्यांना ती त्यांच्या आईच्या वयाची वाटत असे आणि ते तिला 'स्टेनोताई' म्हणत. बावीस वर्षं ती साक्षीदाराच्या पिंजऱ्याखालच्या छोट्या टेबलाशी बसली होती आणि माणसांच्या तोंडून जे पडेल ते कागदावर उचलून घेत होती. पडेल तेच. साक्षीदार अडखळला तर अडखळणं, रडला तर कंसात रडला. एकदा एका न्यायाधीशांनी तिला सांगितलं होतं, "बाई, साक्षीदार 'आठवत नाही' म्हणाला, त्याचा अर्थ 'माहीत नाही' असाच होतो, तसं घाला." तिने वही पुढे केली होती. भर कोर्टात ती म्हणाली होती, "साहेब, तो 'आठवत नाही' म्हणाला. अर्थ आपण लावायचा. मी शब्द लिहिते." त्या दिवशी घरी येऊन तिने नवऱ्याला हे तीनदा सांगितलं होतं. नंतरही पाहुण्यांना सांगत असे. आता बसच्या दांडीला धरून बसलेली असताना ती गोष्ट आठवली आणि तिला कुणीतरी आपल्याच घरातून बाहेर काढल्यासारखं वाटलं. कारण मावशींनी 'मी?' म्हटलं त्या क्षणीच तिला कळलं होतं. तिने ते वाक्य कधी ऐकलेलं नव्हतं. तिने ते फक्त वाचलं होतं.

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी तिने एप्रिलच्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण लावलं. एक तास बारा मिनिटं. चपला पायात, पर्स खांद्याला, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती ऐकत राहिली. मावशी पगाराबद्दल बोलत होत्या, हेडफोनच्या ओझ्याबद्दल, बाथरूमला जायला सुपरवायझरकडे हात वर करावा लागे त्याबद्दल. मग तिचा स्वतःचा आवाज आला, जरा जास्तच गोड: "दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकून तुम्हाला एकटं वाटायचं का?" आणि मग शांतता. भांडं ठेवल्याचा आवाज. लांब कुठेतरी हॉर्न. एकोणीस सेकंदं. मग मावशी म्हणाल्या, "काय सांगू? कानाला घट्टे पडले होते बघ. पण पगार वेळेवर." आणि विषय रजेवर गेला. तिने ती एकोणीस सेकंदं पुन्हा ऐकली, पुन्हा ऐकली. त्यात एकही शब्द नव्हता.

हे कसं झालं ते आठवायला कष्ट पडले नाहीत. झोपेची वेळही नव्हती, दुपार होती, आणि ती अगदी शुद्धीत होती. चोवीस मुलाखती होत्या. एक तासाचं बोलणं उतरवायला सहा तास लागत. ते तिने इमानाने उतरवलं होतं, त्याची तिला सवयच होती. पण उतरवून झाल्यावर साडेचारशे पानं टेबलावर पडली आणि त्यातून प्रकरण काढायचं होतं, अठरा दिवसांत. ग्रंथालयात शेजारी बसणाऱ्या एका मुलीने दाखवलं होतं, "अहो स्टेनोताई, सगळं एआयमध्ये टाका, मुद्दे काढून देतं, अवतरणांसकट." तिने टाकलं. खाली रेघ सरकत गेली आणि मिनिटभरात ओळीने मुद्दे उभे राहिले, प्रत्येकाखाली कुणाचं तरी बोलणं, अवतरणचिन्हांत, नीटनेटकं. पहिली तीन अवतरणं तिने पडताळून पाहिली होती. तंतोतंत होती. चौथ्याच्या वेळी दाराची घंटा वाजली, की तिलाच पुरे वाटलं, कुणास ठाऊक. मावशींचं वाक्य नववं होतं. ते वाचून तिच्या अंगावर काटा आला होता. हे खरं की तिने त्या वेळी मनात म्हटलं होतं, बघ, मावशी किती सुंदर बोलल्या, आणि आपल्या लक्षातसुद्धा आलं नाही! आपल्या कानांवरचा विश्वास तिने इतक्या सहज उतरवून ठेवला, पावसाळी कोट खुंटीला अडकवावा तसा.

नवरा संध्याकाळी आला. तो पाणीपुरवठा खात्यात होता, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या गळक्या नळाबद्दल ऐकून घ्यायचा, त्यामुळे घरी आल्यावर प्रत्येक तक्रारीला त्याच्याकडे एकच उत्तर असे: वॉशर बदला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग ते वाक्य काढून टाक. दुसरं घाल. कुणाला कळणार आहे?"

"मावशींना वाटतंय त्या तसं बोलल्या."

"वाटू दे की. वाक्य वाईट थोडंच आहे? तू त्यांच्या तोंडी शिव्या घातल्या नाहीस."

तिला त्याचा राग आला, आणि राग येण्याचं कारण हे की गेले चार तास ती स्वतःला नेमकं हेच सांगत होती. अर्थ तर तोच आहे ना. एकटेपणाबद्दलच विचारलं होतं. गप्प बसल्या म्हणजे त्याचा अर्थ तोच. पुढे तर आणखी चतुर कारणं सुचली: आपणही मावशींचं बोलणं निवडतोच, कापतोच, मग यंत्राने थोडं पुढे जाऊन... तिथे ती थांबली. कुठेतरी तिला त्या न्यायाधीशांचा आवाज ऐकू आला, आणि या खेपेला वही मागे घेऊन 'बरं साहेब' म्हणणारी तीच होती.

चार दिवस तिने काही केलं नाही. काही न करण्यातही किती कामं असतात! कपाटं आवरली, जुनी बिलं फाडली, चहाचे कप सोड्याने घासले. विभागातून फोन आला की चर्चासत्राच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या प्रकरणावरून केलेल्या तिच्या निबंधाचं नाव छापायला चाललं आहे, 'तुटलेलं बोलणं', बरोबर ना? ती "बरोबर" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर हात ओले नसतानाही पदराला पुसावेत तसे तिने अंगावरच्या कपड्यांना पुसले. पाचव्या दिवशी ती मार्गदर्शक बाईंच्या खोलीत गेली. मार्गदर्शक तिच्याहून दहा वर्षांनी लहान होत्या, चष्मा केसांत खोचून दिवसभर तोच शोधणाऱ्या, पण दुसऱ्याच्या लिखाणातली चूक त्यांना चष्म्याशिवायही दिसे. त्या दोघी एकमेकींना 'तुम्ही' म्हणत.

तिने सगळं सांगितलं. एका दमात, उभ्यानेच. साक्ष देतात तसं.

मार्गदर्शकांनी टेबलावरची एक टाचणी उचलून डबीत टाकली. "मीच ते वाक्य तीन ठिकाणी वाचून दाखवलं," त्या शेवटी म्हणाल्या. "मला ते इतकं आवडलं की मी विचारलंसुद्धा नाही, ही बाई खरंच असं बोलते का? दहा वर्षं मुलाखतींवर काम करते मी. कुठलीच बाई असं बोलत नाही. बसा आधी."

ती बसली.

"एआय वापरलंत याबद्दल मी काही म्हणणार नाही. मीही वापरते. संदर्भ शोधायला, इंग्रजी नीट करायला, कधी नुसतं भांडायला. पण त्याने दिलेलं तुम्ही मूळ मुद्रणाशी लावून पाहिलं नाहीत, आणि वापरलं असं कुठे लिहिलंही नाहीत. आणि दुसरं." त्यांनी चष्म्यासाठी टेबलावर हात फिरवला, मग डोक्यावरून काढला. "संमतिपत्रावर काय लिहून घेतलं होतं त्या बायकांकडून?"

तिला ते पाठ होतं, तिनेच तर टाइप केलं होतं. "मुलाखतीचं ध्वनिमुद्रण आणि लेखन संशोधकाखेरीज अन्य कोणाकडेही जाणार नाही."

"आणि तुम्ही ते कुठे टाकलंत?"

हे मात्र तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. चार दिवस ती एका वाक्याने तळमळत होती आणि तेवढ्या वेळात साडेचारशे पानं, चोवीस बायकांची नावं, त्यांचे नवरे, त्यांचे गर्भपात, सुपरवायझरने कुणाला काय केलं ते, सगळं कुठल्या तरी कंपनीच्या दारातून आत गेलेलं होतं आणि तिने दार लोटूनसुद्धा घेतलं नव्हतं. ऑपरेटरांच्या नोकरीचा पहिला नियम होता, कानावर पडेल ते कानातच ठेवायचं. हे वाक्य तर मावशींचं खरंच होतं, मुद्रणाच्या तिसऱ्या मिनिटाला. ती खुर्चीतून उठलीच.

"घाबरू नका," मार्गदर्शक म्हणाल्या, जरा मऊ आवाजात. "जे गेलं ते पुसायची विनंती करा, खातं बंद करा, त्याची नोंद ठेवा. निबंध आपण मागे घेऊ, मी कळवते, माझंही नाव आहे त्यावर. आणि प्रत्येक अवतरण पुन्हा ऐकायचं. प्रत्येक. मग बायकांना सांगायचं. सगळ्यांना. मावशींना सांगितलंत?"

"सांगेन."

"आधी त्यांना."

पण तिने आधी अवतरणं घेतली. ते सोपं होतं. कान लावून बसायचं, वहीत वेळ टिपायची, बरोबर तर खूण, नाही तर फुली. बोटांना ते काम ओळखीचं होतं आणि बोटं गुंतली की मन जरा बाजूला बसून राहतं. त्रेसष्ट अवतरणं होती. तीन सपशेल बनावट निघाली, दोन अशी की दोन वेगळ्या बायकांची बोलणी शिवून एकीच्या तोंडी घातलेली. शिवण इतकी बारीक की कापड एकच वाटावं. पण तिसऱ्या दिवशी वेगळंच काहीतरी होऊ लागलं. तिला हसणं ऐकू यायला लागलं. उतरवलेल्या पानांवर तिने सुरुवातीला '(हसतात)' लिहिलं होतं, मग कंटाळून सोडून दिलं होतं, आणि यंत्राने तर हसण्याचा मुद्दा कुठे काढलाच नव्हता. एक बाई सांगत होती की गिऱ्हाईक कमी असलं की त्या बोर्डावरची एक दोरी आपल्याच शेजारणीच्या बोर्डात खुपसायच्या आणि अख्खी ओळ एकमेकींशी बोलायची, चार फुटांवर बसून, फोनवर! सुपरवायझरला वाटायचं, पोरी काय कामात आहेत. दुसरी तेच सांगत होती. मावशींच्या मुद्रणात एकेचाळिसाव्या मिनिटाला तिने ऐकलं, "आम्ही गप्प कधी बसलो गं? माझं बाळंतपण त्या लाइनवर ठरलं, कुणाकडे जायचं ते. एकीचं लग्न मोडलं ते लाइनवर जुळवलं आम्ही परत." आणि असं खदखदून हसणं की मुद्रणात आवाज फाटला होता. हे ती एप्रिलमध्ये समोर बसून ऐकून आली होती. स्वतः हसलीही होती. तिचं हसणं होतं त्यात. आणि तरी तिने 'तुटलेलं बोलणं' नावाचं प्रकरण लिहिलं होतं. ती हेडफोन काढून खोलीत फिरली. लाज होतीच, पण लाजेच्या खालून काहीतरी वर येत होतं, आणि ते सुख होतं हे कळायला तिला जरा वेळ लागला. तिच्या हातात जे होतं ते तिने लिहिलेल्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. प्रकरण मोडलं होतं आणि मोडलेल्या जागेतून वारा येत होता.

दहाव्या दिवशी सकाळी मावशींचाच फोन आला.

"अगं, तुझं ते पुस्तक कधी होणार ते सांग. मी रविवारी चालले."

"कुठे, मावशी?"

"मुलाकडे. कायमची. किती वर्षं मागे लागला होता. मी म्हणायचे, हातपाय धड आहेत, डोकं धड आहे, कशाला येऊ तुझ्या दारात? पण त्या दिवशी तू वाचलंस ना, तेव्हाच ठरवलं. पातेल्याचं एक सोड. आपलंच बोलणं आपल्याला अनोळखी वाटायला लागलं म्हणजे माणसाने एकटं राहू नये. गॅस मी बंदच केलाय. शेजारीण आणून देते जेवायला. घर विकायचं म्हणतोय तो."

ती काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. बस येईना म्हणून ती दोन थांबे चालत गेली, मग पळत, चव्वेचाळीस वर्षांची बाई भर रस्त्यात पर्स छातीशी धरून पळते आहे हे लोक बघत होते. जिना चढताना तिने वाक्यं जुळवली. 'मावशी, तांत्रिक गोंधळ झाला होता.' हे खोटं नव्हतं, पण तिने आयुष्यभर अशी वाक्यं लिहून घेतली होती आणि ती बोलणाऱ्या माणसांची तोंडं तिला माहीत होती. दुसऱ्या मजल्यावर तिने ते टाकून दिलं. तिसऱ्यावर दार उघडंच होतं. आत पुठ्ठ्याची खोकी होती, एकावर एक. कपाट अर्धं रिकामं. मावशी पलंगावर बसून वर्तमानपत्राच्या कागदात कप गुंडाळत होत्या.

"मावशी, तुम्ही ते वाक्य बोलला नव्हता."

"कोणतं?"

"जोडता जोडता तुटलं ते. तुम्ही बोलला नव्हता. मी तुमचं बोलणं कॉम्प्युटरला दिलं होतं मुद्दे काढायला. त्याने ते वाक्य स्वतःच बनवलं आणि तुमच्या नावावर घातलं. मी तपासलं नाही. तुम्हाला आठवेना, कारण आठवायला ते नव्हतंच."

मावशींच्या हातातला कप तसाच राहिला. "कॉम्प्युटर बोलला? माझ्या तोंडून?"

"हो."

"म्हणजे मी विसरले नव्हते."

"नाही."

मावशींनी डोळे मिटले. छातीतून एक श्वास बाहेर पडला, इतका लांब, की तो दहा दिवस आत कोंडून ठेवला होता हे तिला दिसलं. मग डोळे उघडले तेव्हा त्यांत दुसरंच काहीतरी होतं.

"तुला कधी कळलं?"

खरं तर इथेही एक फट होती. 'परवाच कळलं' म्हणता आलं असतं. "त्याच दिवशी," ती म्हणाली. "घरी जाऊन ऐकलं. दुपारी."

"आणि दहा दिवस तू मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"का?"

"लाज वाटली."

"तुला लाज वाटली!" मावशींचा आवाज चढला, बोर्डावरचा, दोनशे मैलांवर ऐकू जाणारा. "आणि मी इथे भिंतीवर कागद चिकटवत होते. गॅस बंद कर, दार लाव, औषध घेतलं का! ते बघ, ते, आणि तिकडे न्हाणीच्या दाराला. मी रोज रात्री दिवसभर काय बोलले ते आठवून बघायचे. शेजारणीला विचारायचे, मी सकाळी हे म्हटलं का गं? ती म्हणायची, हो म्हटलं, तरी माझा विश्वास बसायचा नाही. माणसाचा स्वतःवरचाच विश्वास उडाला म्हणजे काय होतं, ठाऊक आहे तुला?"

तिला माफी मागायची होती, ती मागितली, पण फार लहान आवाजात, आणि मावशींनी ती ऐकली की नाही कळलं नाही, कारण डाव्या बाजूने मागितली गेली होती. खालच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवत होतं. मावशींनी अखेर हातातला कप पाहिला, त्याच्यावरचा कागद उलगडला, कागदाची घडी घातली आणि कप टेबलावर ठेवला.

"फोन दे तो," त्या म्हणाल्या.

मुलाने लगेच उचलला. मावशी मोठ्यानेच बोलत, त्यामुळे पलीकडचंही निम्मं ऐकू येई. "अरे, रविवारी ये. पण टेम्पो आणू नकोस. जेवायला ये नि जा. ... काही झालं नाही, डोकं ठिकाणावर आहे असा निकाल लागलाय. ... पातेलं? दूध सगळ्यांचंच उतू जातं बाबा, तुझ्या बायकोचं जात नाही का? ... हो, दाखवीन. डॉक्टरला दाखवीन म्हटलं ना. पण माझ्या चुका मोजायच्या तर माझ्या मोज. दुसऱ्याच्या माझ्या नावावर नकोत." फोन ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझ्यावरचा राग गेलेला नाही. जाईल तेव्हा सांगेन."

"चालेल, मावशी."

"पर्समध्ये काय आहे? मघापासून धरून बसली आहेस."

नवं संमतिपत्र होतं. गेले तीन दिवस ती त्यावर घासत होती आणि आता ते बाहेर काढायची तिला हिंमत होत नव्हती, पण तिने काढलं. मावशींनी भिंग आणलं आणि एकेक ओळ बोटाने धरून वाचली. मध्येच थांबून विचारत. "'नाव व ओळख काढून टाकून' म्हणजे?" म्हणजे यंत्राला कळणार नाही बोललं कोण. "'संशोधकाच्याच संगणकावर' म्हणजे?" म्हणजे बाहेर जाणार नाही, विद्यापीठाने तशी सोय दिली आहे. "आणि काय करणार ते?" कुठल्या मिनिटाला कशाबद्दल बोललात ते शोधून देणार, तेवढंच, शब्द मी मुद्रणातून घेणार, आणि छापण्याआधी तुम्हाला वाचून दाखवणार, आणि यंत्र कुठे वापरलं, त्याने काय चुकवलं, हे सगळं प्रबंधात लिहिणार. "चुकवलं तेही?" तेही, मावशी. माझं नाव घालून. "आणि आधी दिलंस ते?" पुसून टाका म्हणून कळवलंय. पुसलं असं उत्तर आलं आहे. पुसलंच असेल हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मावशींनी भिंगातून तिच्याकडे पाहिलं, तिला तो डोळा केवढा तरी दिसला. मग त्यांनी पेन घेतलं, मुलाखतीतल्या विषयांच्या यादीत सुपरवायझरबद्दलच्या भागाशी आल्या आणि शेजारी लिहिलं, 'हे यंत्राला नाही. कुणालाच नाही.' खाली सही केली, वळणदार, पूर्ण नावाची.

"बाकीच्यांना सांगितलंस?"

"उद्यापासून. तेवीस घरं आहेत. कुणी नाही म्हणाल्या तर त्यांचं काढून टाकीन."

"दोघी तरी नाही म्हणतील. त्या खाष्टच." मावशी उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, एक खोकं पायाने पुढे सरकवत. "चल, लाग कामाला. माझ्या घराचा बाजार तू मांडलास, तूच आवर."

मग तासभर दोघींनी खोकी उपसली. भांडी फडताळात गेली, चादरी कपाटात. तिने भिंतीवरचे कागद काढले, न्हाणीच्या दारावरचा मात्र मावशींनी राहू दिला, "औषधाचा असू दे," म्हणाल्या, "तेवढं खरंच विसरते." चौथ्या खोक्यात तळाशी एक फोटो निघाला. लांब खोलीत बाकावर बसलेल्या बारा बायका, कानाला हेडफोन, आणि सगळ्या कॅमेऱ्याकडे न बघता एकीकडेच बघून हसताहेत. मावशी तो घेऊन खिडकीपाशी गेल्या.

"ही बघ. ही हसली की हिचा बोर्ड हलायचा. आणि हिने काय केलं होतं सांगू..." त्या थांबल्या. "पुस्तकाला चालेल का गं हे?"

"चालेल की. पण तुम्ही म्हणाल तर."

"घे मग. आधी त्या कपाटाचं दार धर, ते निसटतं."

तिने एका हाताने दार धरलं आणि दुसऱ्याने फोन टेबलावर ठेवून मुद्रण सुरू केलं. ऊन आता पलंगापर्यंत आलं होतं. मावशींनी फोटो तिला दिसेल असा धरला, घसा साफ केला.

"लागलं का ते?"

"लागलं, मावशी."

"मग ऐक."